ब्रेक शिफ्ट मिळत असेल तर जा

ताई, मी २७ वर्षांची. मूळची निफाड तालुक्यातली, घरची द्राक्षबाग. पुण्यात हिंजवडीला आयटीत चार वर्षं काढली. गेल्या फेब्रुवारीत मैत्रिणींबरोबर गुलमर्गला गेले होते. पाच दिवसांची ट्रिप, त्यातले तीन दिवस मी स्नोबोर्डवरच होते. पडले, रडले आणि शेवटच्या दिवशी दहा सेकंद का होईना, उभी राहून खाली आले. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. तिथल्या एका हॉटेलने डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत रिसेप्शनवर काम देऊ केलंय. राहणं-जेवण आणि महिना १२ हजार. महाराष्ट्रातले टुरिस्ट खूप येतात म्हणून त्यांना मराठी बोलणारं माणूस हवंय. माझी एक मैत्रीण कॅनडात असते. ती म्हणते, गुलमर्ग कशाला, खरा सीझन व्हिस्लरला. साठवलेले साडेतीन लाख आहेत. नोटीस पीरियड ९० दिवसांचा. घरी खरं सांगायची हिंमत नाही, कंपनीचं श्रीनगरला तीन महिन्यांचं प्रोजेक्ट आहे असं सांगावं म्हणते. जाऊ का?
– बर्फाळलेली

प्रिय बर्फाळलेली,

तुझं पत्र वाचताना माझ्या डाव्या मनगटात कळ आली. बारा वर्षांपूर्वी, एकतीस वर्षांची असताना, मीही गुलमर्गात एक हिवाळा काढलाय. एका हॉटेलात हिशेबाचं काम होतं. तिसऱ्या आठवड्यात, शाळेच्या सहलीची पोरं जिथे घसरगुंडी खेळत होती त्या उतारावर मी मनगट मोडून घेतलं. पुढचे सहा आठवडे एका हाताने बिलं केली आणि बर्फ खिडकीतून पाहिला. हॉटेलने पगारही कापला, कारण माझ्याशी जे काही ठरलं होतं ते सगळं तोंडी. तेव्हा पुढचं सगळं एका फसलेल्या बाईचं बोलणं समजून वाच.

जा. पण त्याआधी हॉटेलला एक प्रश्न विचार: शिफ्ट कोणती?

पगार लिहिलास, राहणं-जेवण लिहिलंस, शिफ्टचं नावही नाही. आणि तुझा सगळा हिवाळा तिच्यावर ठरणार आहे. गोंडोला, म्हणजे डोंगरावर नेणारा रोपवे, सकाळी सुरू होतो आणि उन्हं कलली की बंद. नऊ ते सहाची जनरल शिफ्ट गळ्यात पडली तर हातात राहिली आठवड्याची एक सुट्टी, म्हणजे तीन महिन्यांत बारा-तेरा दिवस. त्यातून हिमवादळाचे दिवस वजा कर, अंगात कणकण असेल ते दिवस वजा कर, पाळीचे कर, कपडे धुवायचा एखादा दिवस कर. उरले सात-आठ. तेवढ्यासाठी कोणी नोकरी सोडतं का? सात-आठ दिवस तर रजा काढूनही मिळतात.

हॉटेलात ब्रेक शिफ्ट म्हणून एक प्रकार असतो. सकाळी सात ते अकरा, मग सुटका, पुन्हा संध्याकाळी पाच ते दहा. शहरातली हॉटेलची माणसं या शिफ्टला शिव्या घालतात, कारण मधल्या वेळात ना घरी जाऊन येता येत, ना धड झोप होत. गुलमर्गात मात्र तेच सहा तास डोंगर उघडा असतो. पाहुणेही तेव्हा बर्फात असतात, रिसेप्शनवर चिटपाखरू नसतं. ब्रेक शिफ्ट लेखी देणार असतील तर १२ हजार चालतील. नसतील देणार, तर २५ हजारांनाही जाऊ नकोस.

नाताळच्या आठवड्यापासून नवीन वर्षाचे दोन-तीन दिवस उलटेपर्यंत मात्र बोर्डला हातही लागणार नाही, हे आत्ताच मान्य करून टाक. त्या दिवसांत हॉटेल फुल्ल असतं आणि आपली माणसं तुझ्या काउंटरवर असतात. एकाला वाटेतल्या टंगमर्गला भाड्याने मिळालेले गमबूट दोन वेगळ्या मापांचे निघालेले असतात. एका काकूंना स्लेजवाल्याने सांगितलं एक आणि घेतलं दुसरंच. कोणाला गरम पाणी, कोणाला फोडणीचं वरण. आणि तू मराठी बोलतेस म्हटल्यावर गाऱ्हाणी मोकळेपणाने होतात, शिवाय 'तुझं लग्न झालं का गं' हेही विचारून होतं. मला हे सगळं आवडायचं, खोटं कशाला बोलू. फक्त त्या दिवसांतल्या बुडालेल्या सुट्ट्या कॉम्प-ऑफ म्हणून फेब्रुवारीत एकत्र मिळतील असं शिफ्टबद्दलच्या ईमेलमध्येच लिहून घे.

फेब्रुवारीच का, तर तिथला बर्फ आपल्या सुट्ट्या पाहून पडत नाही. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे ऐन कडाक्याचा हिवाळा. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. थंडी ही अशी पंचांगाबरहुकूम येते, बर्फाचं मात्र तसं नाही. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात पोचले तर बर्फ, नाही पोचले तर कोरडी थंडी. २०२४ च्या जानेवारीत तिथे चक्क पिवळं गवत दिसत होतं. खेलो इंडियाचे तिथले हिवाळी खेळ फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत पुढे ढकलावे लागले. २०२५ मध्ये पुन्हा तेच, ते खेळ मार्चमध्ये झाले. मी हे कोणाला सांगतेय? झंझावात तिकडून पुढे सरकला की उत्तरेचे गार वारे सुटतात आणि निफाडचा पारा घसरतो. तुझे बाबा पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात तेव्हा बहुधा काश्मिरात नुकताच बर्फ पडून गेलेला असतो. हंगाम म्हणजे काय, चार दिवसांच्या गारपिटीत वर्ष कसं जातं, हे तू घरात पाहत मोठी झालीस. तीन आठवडे बर्फच पडला नाही तर शहरातली पोरं वैतागून परत जातात. तू टिकशील असं मला वाटतं.

आता डोंगराबद्दल. तू दहा सेकंद उभी राहिलीस याचा मला खरंच आनंद आहे. पण तुझ्या पत्रात 'सेकंड फेज' हा शब्द नाही, आणि हिवाळाभर तो तुझ्या कानांवर आदळणार आहे. गुलमर्गचं मैदान साधारण २,६५० मीटरवर. गोंडोलाचा पहिला टप्पा तिथून कोंगदूरीला जातो आणि दुसरा अफरवटच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. टुरिस्ट तिथे फोटो काढून त्याच डब्यातून खाली येतात. बोर्डवाले तिथून सुटतात, आणि समोर युरोपातल्यासारखी मशीनने दाबून केलेली वाट नसते. असतो तो मोकळा डोंगर, आणि त्याच्या दोन्ही अंगांना हिमस्खलनाच्या वाटा. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या उतारावर दोन पोलिश पर्यटक गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गच्या वर एक रशियन स्कीअर गेला. चांगल्या सरावातली माणसंही तिथे जातात ती बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं सिग्नलचं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) घेऊन, जाणत्या स्थानिक गाइडच्या मागोमाग. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटंच काय ती असतात आणि तेवढ्यात तुला शोधणार तुझ्याबरोबरचीच माणसं. वापरता येत नसलेला बीकन छातीवर बांधला तर तो ताईत. जानेवारीभर खालच्या उतारांवरच राहा. फेब्रुवारीत कोंगदूरीपर्यंत जा. दुसऱ्या टप्प्याचं यंदा नावच काढू नकोस. 'चल ना, काही होत नाही' म्हणणारा एखादा भेटेलच, बहुतेक दिल्लीचा असेल आणि त्याच्याकडे फार भारी कॅमेरा असेल. त्याला सांग, आमच्या ताईने बजावलंय.

खालच्या उतारांवर मरण नाही, पण हाडं मोडतात. माझं कसं मोडलं ते सांगते. स्कीमध्ये दोन पाय मोकळे असतात, बोर्डवर दोन्ही एकाच फळीला जखडलेले. उताराकडची कड जरा खाली गेली की ती बर्फात रुतते आणि आपण कापलेल्या झाडासारखे आडवे. हात आपोआप पुढे जातो, पंजा उघडा, आणि सगळं वजन मनगटावर. मी नेमकी तशी पडले. पडताना मूठ वळायची, पुढे पडलीस तर कोपरापासूनचा हात टेकवायचा, मागे पडलीस तर हनुवटी छातीला लावायची. हे नुसतं वाचून होत नाही, आत्तापासून घरी गादीवर पडून सवय कर. मैत्रिणी हसतील, हसू दे. पर्वतीच्या पायऱ्या रोज उतर. चढणं नव्हे, उतरणं, कारण मांड्या उतरताना भरून येतात आणि बोर्डवर दिवसभर तेच काम असतं.

शिकायला पैसे खर्च कर. शिकवणी नको म्हणून वाचवलेले पैसे मी पुढे श्रीनगरला बर्झुल्ल्याच्या हाडांच्या सरकारी दवाखान्यात जाण्या-येण्यात घालवले. गुलमर्गापासून श्रीनगर पन्नास किलोमीटर, आणि बर्फात ते पन्नास किलोमीटर किती तास घेतील याचा नेम नाही. गुलमर्गात पर्यटन मंत्रालयाची इन्स्टिट्यूट आहे, तिथले कोर्स चांगले असतात, पण त्यांचा मुख्य भर स्कीवर. बोर्डसाठी एखादा स्थानिक प्रशिक्षक आठ-दहा दिवसांसाठी ठरव, रोज दोन तास, आणि ते दिवस जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात घे, गर्दी ओसरल्यावर. आरिफ खानचं नाव ऐकलं असशील. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा तो एकटाच खेळाडू होता. त्याच्या वडिलांचं गुलमर्गात स्कीचं दुकान होतं आणि तो त्याच उतारांवर शिकला. तिथली पोरं चालायला लागल्यापासून बर्फावर असतात आणि त्यांची वर्षाची कमाई या तीन महिन्यांत होते. म्हणून शिकवण्याच्या पैशांत घासाघीस करू नकोस. दुसऱ्या वर्षी स्वतःच शिकवायला लागावं असं मनात आलं तर तेही आवर. मराठी बोलणारी रिसेप्शनिस्ट त्यांच्याकडे नाही, प्रशिक्षक भरपूर आहेत.

बोर्ड मात्र विकत घेऊ नकोस. दुकानदाराशी सीझनचा एकरकमी दर ठरव, आणि बोर्डापेक्षा बुटांवर वेळ घालव. टाच वर उचलली जात असेल तर बूट बदलून माग, दहा वेळा माग. मार्चमध्ये परदेशी मंडळी परत जाताना विमानातलं वजन वाचवायला आपलं सामान विकतात. माझा बोर्ड तसाच घेतलेला. आता तो माळ्यावर आहे, नवरा दर दिवाळीला 'याचं काय करायचं' म्हणून विचारतो.

व्हिस्लरचं थोडक्यात. तुझ्या मैत्रिणीचं चुकत नाही, पण ती तिथली झालीये. सीझनला जाणारी इंग्लंड-ऑस्ट्रेलियातली पोरं ज्या तरुणांच्या वर्क परमिटवर कॅनडात जातात, तो ज्या देशांशी करार आहे त्यांनाच मिळतो आणि त्या यादीत भारत नाही. जपानच्या वर्किंग हॉलिडेचंही तेच, म्हणजे तिथलं बर्फाचं गाव निसेकोही गेलं. आपल्या पासपोर्टला उघडलेलं एक दार ऑस्ट्रेलियाचं आहे. सबक्लास ४६२, वर्क अँड हॉलिडे व्हिसा. भारतीयांसाठी तो २०२४ पासून सुरू झाला, वर्षाला १,००० जागा, त्याही सोडतीने. वय १८ ते ३०, म्हणजे तुझ्याकडे अजून वेळ आहे. तिकडचा हिवाळा जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, थ्रेडबो, पेरिशर, फॉल्स क्रीक अशा गावांत. सोडत उघडली की नाव घाल, लागलं तर लागलं. गंमत अशी की ऑस्ट्रेलियाचं सर्वात उंच शिखर कोशियस्को २,२२८ मीटर. तू रिसेप्शनवर चहा पीत बसशील ती खुर्ची त्याच्यापेक्षा चारशे मीटर वर असेल. हे मैत्रिणीलाही कळव.

आता घरचं. श्रीनगरच्या प्रोजेक्टची थाप मारू नकोस. खोटं बोलणं वाईट वगैरे तुला कोणीही सांगेल, माझा मुद्दा वेगळा आहे. समजा मोठा बर्फ पडला, वीज गेली, टॉवर बंद पडला, दोन दिवस तुझा फोन लागत नाही. टीव्हीवर काश्मीरची कसलीतरी बातमी चालू आहे. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगामनंतर काश्मीर म्हटलं की प्रत्येक घरात पोटात गोळा येतो. तुझे बाबा फोन कोणाला करणार? तुझ्या पुण्याच्या कंपनीला. आणि तिथली एचआर सांगणार, ती तर डिसेंबरमध्येच सोडून गेली. त्या एका मिनिटाचा विचार कर. हॉटेलचं नाव, मॅनेजरचा नंबर, तुझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाचा नंबर, हे सगळं बाबांच्या वहीत असलं पाहिजे. आणि तुझं सिम प्रीपेड असेल तर ते जम्मू-काश्मीरमध्ये चालतच नाही. निघण्याआधी पोस्टपेड करून घे, नाहीतर दोन दिवस काय, तीन महिने फोन लागायचा नाही.

तू पत्रात एक गोष्ट लिहिली नाहीस. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्याकडे द्राक्षांचा खुडा असतो. दरवर्षी तू त्या दिवसांत शनिवार-रविवार घरी जात असशील, व्यापाऱ्यांचे हिशेब बघत असशील, निदान आईला हातभार लावत असशील. ही भीती 'लोक काय म्हणतील'ची नसावी. बाग ऐन भरात असताना मुलगी बर्फात खेळायला गेली, हे बाबांना सांगायचं कसं, तिथे तुझी जीभ अडतेय, असा माझा अंदाज. चुकत असेन तर कळव. गणपतीला घरी जाशीलच. आरती-प्रसाद उरकल्यावर बाबांना बागेत गाठ, आईला आधी विश्वासात घे, आणि सरळ सांग: एक हंगाम मला द्या, खुड्याला चुलतभावाला किंवा एखाद्या मजुराला लावू, त्याचे पैसे माझ्या साठवणीतून. आकडा सांग. शेतकऱ्याला आकडा सांगितला की तो निदान ऐकून घेतो. ते चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत. राजीनामा सप्टेंबरच्या मध्यात दिला तरच ९० दिवस डिसेंबरच्या मध्याला संपतात, म्हणजे रुसवा काढायलाही फार वेळ नाही.

आणि राजीनाम्याआधी बिनपगारी रजा मागून बघ. बहुतेक नाहीच देणार, पण मागायला काय जातं. मी एका मोठ्या कंपनीत मागितली होती तेव्हा साहेब म्हणाले, 'बाळंतपण आहे का?' तुझं नशीब बरं असेल.

पैशांत तू ठीक आहेस. पगाराचे ३६ हजार शिकवणी, भाड्याचं सामान आणि गोंडोलाच्या पासात जातील असंच धर. साडेतीनपैकी दीड लाख परत आल्यावर नोकरी शोधायच्या महिन्यांसाठी वेगळा ठेव आणि त्याला हात लावू नकोस. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, म्हणून स्वतःचा आधीच काढ, आणि त्यातली वगळलेल्या गोष्टींची यादी वाच. साहसी खेळ बहुतेक वेळा तिथे बारीक अक्षरांत सापडतात. ते झाकणारी पॉलिसी थोडी महाग पडते. घे.

खोली व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांग. हिवाळ्यात तिथल्या हॉटेलांत कामाला बायका फार कमी असतात. स्टाफमध्ये आणखी कोणी बाई आहे का, खोली एकटीची आहे का, कडी आतून लागते का, संडास कुठे आहे, हे विचारताना लाजू नकोस. उत्तर देताना समोरचा चाचरला तर तेच उत्तर समज. आणि कडी लावलेल्या बंद खोलीत कोळशाची कांगडी (हातात धरायची छोटी शेगडी), बुखारी (खोली तापवायची लोखंडी शेगडी) किंवा गॅसचा हीटर चालू ठेवून झोपायचं नाही, कितीही कुडकुडलीस तरी. त्यातून साचणाऱ्या विषारी वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, वास नसतो. दर हिवाळ्यात काश्मिरात माणसं तशी झोपेत जातात. खिडकी बोटभर उघडी, अंगावर दोन रजया, कांगडी बाहेर.

माझ्यासाठी तिथली सगळ्यात चांगली वेळ बर्फावरची नव्हतीच. प्लास्टरमधल्या हाताने मी पहाटे काउंटरवर बसायचे, किचनमधला एक पोरगा नून चायचा पेला आणून ठेवायचा. खारट, गुलाबी चहा. पहिल्या दिवशी तो मला घशाखाली उतरला नव्हता. हंगामातला पहिला मोठा बर्फ रात्रभर पडला त्या सकाळी तो पोरगा नुसता 'शीन मुबारक, दीदी', म्हणजे बर्फाच्या शुभेच्छा, म्हणाला आणि फावडं घेऊन दारातला बर्फ उपसायला गेला. मीही गेले, एका हाताने.

हॉटेलला शिफ्टचा ईमेल आजच टाक. आणि मनगटाचे गार्ड पुण्यातूनच घेऊन जा, स्केटिंगचं सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळतात. हातमोज्याच्या आत बसतात का ते तिथेच घालून बघ.

– ताई